फरशी लिही

१२ फेब्रुवारी

भाऊजी,

नमस्कार. वर 'तीर्थरूप' लिहायची सवय होती, आज हात धजला नाही. घरी सगळे बरे असतील. माझी तब्येत ठीक आहे.

तुमचा कारकून काल कागद घेऊन आला. "ताई, फक्त खाली सही करा, वाचत बसू नका," म्हणाला. मी वाचत बसले. 'माझे पती निष्काळजी होते. मीटरने न तपासताच त्यांनी पेटी पुढे जाऊ दिली.' सही केली तर क्वार्टर राहील, नाहीतर महिनाअखेर खाली करा. मेलेल्या भावावर ढकलायचं आणि सही त्याच्या बायकोची घ्यायची! एवढं डोकं विमानतळावरच्या मालाच्या शेडमध्ये चालवलं असतंत तर?

ह्यांनी तपासली होती. मला कसं माहीत, ते विचारू नका.

मी चौथी शिकलेली बाई, पण ह्यांच्या कपाटातली मीटरची पुस्तिका सहा वेळा वाचली. तुमची प्रत चौकशी करणाऱ्या बाईंनी दाखवली. नव्यासारखी होती, पानंसुद्धा सुटी झालेली नव्हती. त्यात लिहिलंय, फरशीच्या मालातही जरासा किरणोत्सर्ग असतो, म्हणून तपासणीचं फाटक वाजतं. पण फरशी असेल तर मीटरचा काटा पेटीच्या सगळ्या बाजूंनी सारखाच चढतो. एकाच कोपऱ्यात तो टोकाला गेला, तर आत भलतंच काही आहे. पेटी लांब न्या, माणसं हटवा. आणि तुम्ही? वीस वर्षं फाटक वाजलं की वहीत एकच शब्द. फरशी.

ती पेटी विमानाची वाट पाहत तीन दिवस शेडमध्ये पडून होती. हे तिला पाठ टेकून बसत. पुढच्या विमानतळावर ती पकडली गेली, तोवर पाठीची कातडी गेली होती. सात आठवडे हे पालथे झोपले. तुम्ही एकदा आलात, दारातूनच "काय शास्त्रज्ञ, बरंय ना?" म्हणालात आणि गेलात.

आता विचारलंच असेल मनात, तर ऐका. पहिल्या दिवशी दुपारी हे जेवायला आले, पण ताटाला हात लावला नाही. म्हणाले, "एका कोपऱ्यात काटा पार टोकाला जातोय. दादा म्हणतो मीटर बिघडलंय, फरशी लिही." मी वाढता वाढता म्हणाले, "भाऊजी वीस वर्षं तिथे आहेत. तुम्हालाच काय ते जास्त कळतं? लिहून टाका आणि जेवा."

हे जेवले. जाऊन लिहिलं.

पुस्तिका मी नंतर वाचली, भाऊजी. तुमच्या टेबलावर ती आधीपासून होती. माझ्या-तुमच्यात फरक आहे तो एवढाच, आणि तो फार नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे.

सोमवारी चौकशीत जाणार आहे. आधी माझं वाक्य सांगीन, मग तुमचं. कागद सही न करताच परत पाठवतेय. सामान बांधायला घेतलंय.

तुम्ही ज्यांना निष्काळजी लिहिलंत,
त्यांची बायको