आरतीची लांबलेली ओळ

दहिसर, मुंबई
१५ फेब्रुवारी १९८५

ती. मथुराआक्का, तुला भिकाजीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. देवाच्या दयेने आम्ही सगळे बरे आहोत. चंदरची कंपनी चालू आहे, सूनबाई जपते. मलाही अंधेरीच्या एका कारखान्यात रखवालीचं काम लागलंय. संध्याकाळी नदीवरून वारा येतो, त्याला थोडा आपल्या खाडीचा वास असतो.

शिमग्याला कायमचा घरी ये, असं लिहिलंस. उत्तर देण्याआधी एक सांगतो.

चाळीच्या तोंडाशी दत्ताचं देऊळ आहे. दर गुरुवारी आरती होते. पहिल्यांदा गेलो तेव्हा मागे उभा राहिलो आणि डोळे मिटून आपल्या घरच्या चालीत म्हणत गेलो. शेवटची ओळ आपण लांबवतो, तशी लांबवली. डोळे उघडले, तर टाळ केव्हाच थांबलेले आणि माझा एकट्याचा आवाज चाललेला.

शेजारी सरूबाई राहतात, मासे विकतात. त्या म्हणाल्या, "ओ भाऊ, तुमची आरती विरारला जाऊन थांबते काय?"

सगळे हसले. मीही हसलो. पण त्यानंतर गुरुवारी मागच्या गल्लीने घरी येऊ लागलो.

काल सरूबाई दारातच उभ्या. "रुसलात काय? चला. तुमच्यासारखी लांबवू. आमच्यात पण दम हाय."

आणि आक्का, खरंच लांबवली गं. सगळ्यांनी. कापराचा धूर, टाळ, तो एकच सूर. वाटलं, आपल्या माजघरातच उभा आहे. मान आपोआप दाराकडे वळली.

"कोण यायचंय?" सरूबाईंनी विचारलं.

तेव्हा उमगलं. ती आपली चाल नव्हतीच. पार्वती चुलीपासून नैवेद्याचं ताट घेऊन येईपर्यंत आपण ओळ धरून ठेवायचो. इतकी वर्षं धरली की तीच चाल वाटू लागली.

"पार्वती," मी म्हटलं. "माझी बायको. श्रावणात गेली."

मुंबईत तिचं नाव पहिल्यांदाच माझ्या तोंडून निघालं. मग सरूबाई पदर सावरत म्हणाल्या, "मग काय, दर गुरुवारी थांबू."

चंदरला सोबत म्हणून जातो, असं तुला सांगून निघालो होतो. तसं नव्हतं. ती गेल्यावर आपल्या घरात आरती लवकर संपू लागली. ते ऐकवेना.

पालखी घरी येईल तेव्हा येईन. चार दिवस राहीन, पण गुरुवारच्या आत परतेन. रागावू नकोस.

तू एकटीच आरती करतेस, ठाऊक आहे. शेवटची ओळ आखडती घेऊ नकोस. जमेल तितकी धर. पुढची आम्ही इथून धरतो.

तुझा धाकटा,
भिकाजी