गव्हाणीतल्या काड्या

३० नोव्हेंबर, रविवार. वेल्हे

आजपासून आगमनाचे, म्हणजे नाताळाआधीचे चार रविवार सुरू. पहिली मेणबत्ती लावली. गेल्या वर्षी आमच्या रूथला विचारलं होतं, नाताळ म्हणजे काय? केक आणि लाल टोपीवाले आजोबा, म्हणाली. मी चाटच पडले होते. ज्याचा वाढदिवस, त्याचं नावच नाही! इथे ख्रिस्ती असं आपलं एकच घर, उपासनेला जायचं तर भोर. तेव्हाच ठरवलं होतं, पुढच्या वर्षी घरातच काहीतरी नेमानं करायचं.

मुलांच्या बाबानं, विलासनं, टोमॅटोच्या खोक्याच्या फळ्या ठोकून गव्हाणी केली. छान झालीय. नियम असा: दिवसभरात कुणासाठी चांगलं काही केलं, तर संध्याकाळच्या प्रार्थनेत गव्हाणीत पेंढ्याची एक काडी टाकायची. चोवीस तारखेपर्यंत बाळ येशूचा बिछाना तयार व्हायला हवा. मोठ्यांनाही सूट नाही.

योना (वय चार) लगेच म्हणाला, मी आज मांजराला मारलं नाही. पेंढा अजून आणायचाय, केरसुणीची काडी टाकली.

२ डिसें., मंगळ

पेंढा शेजारच्या हौसाकाकूंकडून आणला. दोन गाई आहेत, भात नुकतंच झोडपून झालंय, ढीग पडलाय. "सिस्टर, कशाला पायजे?" म्हणाल्या. मी ड्युटीच्या घाईत, रूथला म्हटलं तू सांग.

संध्याकाळी काकू दारात. गोष्ट ऐकून दिवसभर जीव थाऱ्यावर नव्हता त्यांचा. बाळाचं त्यांना काही विशेष वाटलं नव्हतं, देवाची लेकरं कुठंही जन्मतात म्हणाल्या. त्यांचा प्रश्न आईचा.

"पयलटकरीण बाई, दुसऱ्याच्या गावात, गोठ्यात बाळंत झाली. आन त्या गावात एक बी बाई न्हवती व्हय? पानी तापवून द्यायला?"

 मी नर्स. रोज बाळंतपणं बघते. लहानपणापासून ही गोष्ट ऐकत आले, आणि हे एकदाही मनात आलं नाही. मेंढपाळ आले, पूर्वेचे ज्ञानी मागी आले. बाया कुठं होत्या?

५ डिसें.

विलास शाळेतून उशिरा. पासलीचा एक मुलगा वर्गात तापानं फणफणला होता, त्याला गाडीवर बसवून घरी सोडून आला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. विलास स्वतःच्या काडीला गाठ मारून टाकतो, उठून दिसते. मास्तरकी जात नाही. रूथ रोज गाठी मोजते. बाबाच्या सगळ्यात जास्त.

प्रार्थना त्यानंच केली. बरं वाटतं. असंच घर मला हवं होतं.

१४ डिसें., रवि

लिहून ठेवते. नाहीतर उद्या वाटेल ऐकलंच नाही.

भोरची उपासना आटपून येताना आंबवड्याला चहाला थांबलो. मुलं शेळीच्या करडामागे धावत होती. योना मध्येच आला आणि बापाला विचारलं, "बाबा, तू डोळे मिटतोस तेव्हा तुला येशू दिसतो?"

विलास म्हणाला, "नाही."

योना बरं म्हणून पळाला. मी हसले, म्हटलं, अरे निदान ऐकू येतो तरी म्हणायचं. तर तो म्हणाला, "ऐकू पण येत नाही. आई गेली तेव्हापासून मी प्रार्थना केलेली नाही. नुसते शब्द म्हणतो."

सासूबाई कोरोनात गेल्या. मी आत वॉर्डात, हा बाहेर झाडाखाली बसून रात्रभर प्रार्थना करत होता. सकाळी मीच बाहेर येऊन सांगितलं. रडला नाही. मला वाटलं, विश्वासानं धीर धरलाय. चर्चच्या मंडळीतही तेच बोलले सगळे. मला केवढा अभिमान.

म्हणजे तेव्हापासून रोज. जेवणाआधी, झोपताना. तान्ह्या योनाला चर्चमध्ये देवाला समर्पित केलं त्या दिवशी. माझ्या शेजारी बसून.

चहा तसाच राहिला. मी एवढंच विचारलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, तुझं सगळं त्यावर उभं आहे, मी कसं पाडू?

घरी येऊन तिसरी मेणबत्ती लावली. काडी तीनदा विझली.

१५ डिसें.

लसीकरणाचा वार. एकाच बाईला दोनदा नाव विचारलं. ती माझ्याकडे बघत राहिली.

रागावू कुणावर? फसवलं म्हणावं तर कशासाठी फसवलं?

१७ डिसें., बुध

विलास आता प्रार्थनेला बसत नाही. स्वयंपाकघरात भांडी घासतो. नळ बारीक सोडतो, आवाज नको म्हणून. त्या बारीक धारेचा जास्त त्रास होतो.

रूथनं आज सरळ विचारलं, बाबा का येत नाही? मी काहीतरी जुळवत होते, तोवर तो हात पुसत आला आणि खाली बसून सांगितलं. आजी गेली तेव्हापासून मला देवाशी बोलता येत नाही, येतंय असं दाखवत होतो, ते चुकलं.

नंतर मी भांडले त्याच्याशी. सात वर्षांच्या मुलीला सांगायची गोष्ट आहे का ही? "तिनं विचारलं. अजून खोटं बोलू?"

१८ डिसें.

सकाळी गव्हाणी अर्धी रिकामी. गाठीच्या सगळ्या काड्या गायब. काकूंच्या गाईपुढे टाकून आली होती रूथ.

म्हणाली, "त्या खोट्या आहेत. बाळाला टोचतील."

 हा नेम मीच घातला होता ना? मुलांना देव कळावा म्हणून. आणि माझी मुलगी त्याच काड्यांवर बापाला तोलतेय. म्हटलं, पासलीच्या मुलाचा ताप खोटा होता का गं? ती रडायला लागली, पण काड्या परत टाकू दिल्या नाहीत.

विलासनं पाहिलं सगळं. डबा घेतला आणि गेला.

२१ डिसें., रवि

चौथी मेणबत्ती. मी, दोन मुलं. योनानं रिकाम्या खुर्चीवर मांजर बसवलं. कुणी हसलं नाही.

आज मनात आलं, हे सगळं गुंडाळून ठेवावं. केक आणावा, टोपी आणावी. सोपं होतं ते.

२४ डिसें., बुध

काय झालं ते अजून नीट कळत नाही मला.

मातीची मरिया, योसेफ मुलांनी मांडली. बाळ ठेवायचं, तेवढ्यात हौसाकाकू आल्या, पदराखाली डबा. हळिवाचे लाडू. मुलांसाठी असतील म्हणून मी हात पुढे केला, तर म्हणाल्या, "लेकरांना न्हाईत. तिच्यासाठी हायेत." आणि मातीच्या मरियेपुढे डबा ठेवला.

मग तिथंच जमिनीवर बसल्या आणि सांगू लागल्या. इतकी वर्षं शेजार, मला माहीत नव्हतं. त्यांचं सासर गुंजवण्याकडचं. धरणात घर गेलं त्या साली त्या पोटुशी होत्या. नव्या जागी अजून भिंती नव्हत्या, चार पत्रे उभे केलेले, तिथंच बाळंत झाल्या. ओळखीचं कुणी नाही. त्या गावची एक बाई, नावही ठाऊक नाही, गरम पाणी आणि हळिवाचे लाडू घेऊन आली. "ती आली म्हून म्या जगले. आन हिच्याकडं कोन बी आलं न्हाई. दोन हजार वर्षं झाली म्हनता. लाडू द्यायला उशीर झाला, पर द्यायला नगं का?"

 विलास स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. हातातली ताटली तशीच.

काकूंनी गव्हाणीत हात घातला. "येवढाच पेंढा? थंडी कसली पडलीय." तडक उठल्या, घरून कवळाभर पेंढा आणला आणि कोंबायला लागल्या. रूथ घाबरून ओरडली, "काकू, असं नाही टाकायचं! आधी चांगलं काम करायचं, मगच एक काडी!"

काकू थांबल्याच नाहीत. "बाळाला काय ठावं गं कुनी काय केलं ते. त्याला थंडी वाजती."

रूथ माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्याकडे. महिनाभर मी मुलांना काय शिकवत होते? बाळ येण्याआधी आपण त्याचा बिछाना कमावून ठेवायचा? लहानपणापासून कृपा कृपा म्हणत आले, न कमावता मिळते ती, आणि शेजारची बाई ती ओंजळीनं भरून गेली.

मग काकू विलासला म्हणाल्या, "गुरुजी, तुमी वाचा की. मला वाचता येत न्हाई, पोरगी गाळून गाळून सांगती." मला वाटलं, नाही म्हणेल. त्यानं ताटली ठेवली, हात पुसले, बायबल घेतलं. जन्माची गोष्ट वाचली, वर्गात वाचतो तशी, सावकाश. 'त्यांना उतारशाळेत जागा नव्हती' या ओळीला थांबला. पाणी प्यायला आणि पुढे वाचलं. शेवटपर्यंत.

प्रार्थना मी केली. त्यानं डोळे मिटले नाहीत. पण उठूनही गेला नाही.

२५ डिसें.

भोर. त्यानंच नेलं. आत आला नाही, बाहेर चपलांपाशी बसून राहिला. पाळकसाहेबांनी विचारलं, विलास कुठाय? योना मोठ्यानं म्हणाला, बाबाचं देवाशी बोलणं बंद आहे. सगळ्यांच्या माना वळल्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं.  गीतं संपल्यावर पाळकसाहेब बाहेर जाऊन त्याच्या शेजारी बसले. काय बोलले, विचारलं नाही.

२८ डिसें., रवि

गव्हाणी अजून काढली नाही.

दुपारी मी मटार सोलत होते. रूथ अठरा तारखेपासून बापाशी कामापुरतंच बोलत होती. आज त्याच्या समोर जाऊन उभी राहिली.

"तू देवावर रागावलायस का?"

 विलास म्हणाला, हो. हा शब्द त्यानं मलाही कधी सांगितला नव्हता. 

"मग त्याला सांग ना. मी तुझ्यावर रागावले की सांगते."

"सांगितलं तर ऐकेल का?"

मी हो म्हणणारच होते. ओठावर आलं होतं, सवयीनं. त्याआधी रूथ म्हणाली, "माहीत नाही."

असं कुणी शिकवलं हिला? मी तर नाही.

विलास हसला. कितीतरी दिवसांनी. मग दोघंही चपला घालून नदीकडे गेले. ऊन उतरलंय, अजून आले नाहीत. योना विचारतोय, आज प्रार्थनेला चार जण की तीन?

म्हटलं, थांब जरा.