फुकटचा वकील

१८ नोव्हेंबर
भैय्याजी वकीलही सरकारी मोफत मदतीचं पॅनेल सोडून गेले! ‘मोफत केसा लढून घर नाही चालत, धनश्री.’ वरून निधी कमी झालाय, नवा माणूस नेमणार नाहीत. म्हणजे सौंसरच्या आणि पांढुर्ण्याच्याही सगळ्या मोफत केसेस आता माझ्याच गळ्यात. पडू देत. घोडामैदान जवळच आहे!

२५ नोव्हेंबर
सकाळी सौंसर, दुपारी पांढुर्णा. डबा बसमध्येच खाल्ला.
उषाची केस मात्र मी जिंकणार! रामाकोना गावची बाई. नवऱ्याने लेकीसकट घराबाहेर काढलं आणि कोर्टात सांगतो, मी तर मजूर. मजूर! त्याच्या संत्र्याच्या बागेचे कागद मी काढून आणलेत. नवऱ्याकडून महिन्याची खावटी बांधून मिळाली की पोरीची शाळा सुटणार नाही.
उषा आज तुपाचा डबा घेऊन आली होती. ‘घ्या ना जी मॅडम, फी समजा.’ सरकारी मदतीच्या केसमध्ये पक्षकाराकडून काही घ्यायचं नसतं. हे तिला नीट सांगायला हवं होतं, पण बस लागली होती. ‘नाही म्हणजे नाही’ म्हणत पळाले. तत्त्वाला पक्की आहे मी!

२ डिसेंबर
बस चुकली. उषाच्या नवऱ्याचे वकील, अनिलभाऊ, मोटारीने पांढुर्ण्यालाच निघाले होते. त्यांनी सोडलं. फार हसवतो माणूस. निघताना सौंसर कोर्टाच्या फाटकाशी उषा उभी होती. मी मोटारीतून हात केला, तिने मान फिरवली. ऊन असेल डोळ्यांवर.

९ डिसेंबर
अनिलभाऊ विचारत होते, ‘एकरकमी घेऊन मिटवून टाकता का?’ साफ नाही म्हटलं. ‘पुढच्या तारखेला तुमच्या मजुराचा बागाईतदार करते!’ चेहरा बघण्यासारखा झाला. मजा आली.

१२ डिसेंबर
उद्या लोकअदालत. मला पांढुर्ण्यात बसवलंय. सौंसरला कोणी नाही.

१३ डिसेंबर
उषाने आज सौंसरला तडजोडीवर सही केली. थोडी रक्कम एकदाच घेतली आणि पुढच्या खावटीवर पाणी सोडलं. बसस्टँडवर गाठलं तिला. ‘अवं, काहून केलं असं?’
पोरीला जवळ ओढत म्हणाली, ‘तुमी माह्याकडून तूपबी नाही घेतलं जी. मंग मी समजली, तुमाले तिकडून भेटून राहिलं.’