पाशाची काच

शुक्रवार, ४ ऑक्टोबर

"आजोबा, पाशा मेला का?"

लुलूचा प्रश्न, कुवेतहून, फोनवर! मी फोन माशांच्या टाकीसमोर धरून उभा. पोरीला काय दिसणार? हिरवं. नुसतं हिरवं. पाशा आतच होता, दोन बारक्या सोबत्यांबरोबर, चांगला जाडजूड, शेपटी हलवत. पण काचेवर एवढं शेवाळ की मलाही त्याचं तोंड कुठे अन् शेपूट कुठे ते कळेना. म्हटलं, "मेला नाही गं, झोपलाय." तिचा विश्वास बसला नाही.

मग रबाब फोनवर आली. मुलगी माझी, पण बोलते सासूसारखी. "बाबा, स्वतःच्या टाकीची ही दशा, मग स्वतःचं काय करत असाल? दुकान बंद करा आणि इकडे या." हे दर शुक्रवारी. टाकी तिचीच. लग्न होऊन गेली तेव्हा दुकानात ठेवून गेली — "तुम्हाला सोबत."

काच साफ करायचीच. पुढच्या शुक्रवारच्या आत!

शनिवार, ५ ऑक्टोबर

स्वयंपाकघरातला नवा स्पंज आणला. घासलं. शेवाळ निघालं नाही, पसरलं. लोण्यासारखं.

दुकानात आज दाढी कमी, सल्ले जास्त. माझा दोस्त मितवल्ली म्हणतो तारेची घासणी घे. हा जन्मभर कालव्यातल्या टगबोटीवर होता, त्याला सगळं जग म्हणजे गंजलेलं लोखंड वाटतं. खुर्चीतलं गिऱ्हाईक, तोंडाला फेस, तसंच वळून म्हणालं — "मीठ लाव." दुसरा म्हणाला, "व्हिनेगर!" मी म्हटलं, मासा तळायचा नाहीये, साफ करायचाय. नाही — मासाही नाही, काच!

मितवल्लीनंच शेवटी सांगितलं, कालव्यापलीकडे पोर्ट फुआदला एक बाई आहे, माशांचं दुकान चालवते. नवरा गेल्यावर तिनंच चालवलंय. "पण जपून. तोंडानं फार फटकळ आहे."

सोमवार, ७ ऑक्टोबर

सोमवार. पोर्ट सईदमधला प्रत्येक न्हावी आज सुट्टीवर. फेरीबोटीनं पलीकडे गेलो. किती महिन्यांनी! सीगल इतके जवळून उडत होते की एकानं माझ्या हातातल्या पावाकडे बघून मान वाकडी केली. दिला तुकडा.

दुकान लहान. बाई — मादाम इन्साफ — बाह्या कोपरापर्यंत वर, चष्मा दोरीनं गळ्यात. म्हटलं, शेवाळ काढायचं सगळ्यात भारी हत्यार द्या.

"टाकी काचेची की प्लास्टिकची?"

मला माहीत नाही!

"कधीपासून आहे तुमच्याकडे?" 

"सहा वर्षं."

चष्मा चढवला, मला नीट बघितलं. "सहा वर्षं! आणि ती कशाची आहे ते ठाऊक नाही. तुम्ही धंदा काय करता?" 

"न्हावी." 

"गिऱ्हाइकाची कातडी न बघता वस्तारा लावता?"

लावत नाही. कुणीच लावत नाही.

म्हणाली, नखानं वाजवून बघा. टकटक वाजलं तर काच, थपथप वाजलं तर प्लास्टिक. प्लास्टिकला खरखरीत काही लावायचं नाही, ओरखडे जन्माचे. आणि ऊन येतं का टाकीवर? म्हटलं, तेवढं नाही. भिंतीवर लांब दांड्याची चकचकीत हत्यारं टांगलेली, मी तिकडे बोट केलं. तिनं विकलंच नाही! एक साधी पांढरी मऊ घासणी दिली. "आधी हिनं बघा. मऊ शेवाळाला मऊच लागतं." आणि हात हुंगून म्हणाली — माझा हात! — "हे कोलन धुऊन मगच पाण्यात घाला. मासा म्हणजे काही तुमचा नवरदेव नाही."

परत येताना फेरीवर एकटाच हसत होतो. शेजारची बाई जरा सरकून बसली.

मंगळवार, ८ ऑक्टोबर

टकटक! काच आहे.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

घासणीनं मऊ थर गेला. पण खाली हिरवे ठिपके — बारीक, कडक, जणू कुणी शाई शिंपडलीय. लुलू म्हणाली, "पाशाला गोवर आलाय."

सोमवार, १४ ऑक्टोबर

पुन्हा फेरी. शर्ट इस्त्रीचा घातला. का, ते मलाच माहीत नाही.

मादाम इन्साफला ठिपक्यांचं सांगितलं. ती खुश झाली! म्हणाली, म्हणजे मऊ काम नीट केलंत. "आता ठिपक्यांना ब्लेड. तुम्हाला ब्लेड धरायला मी शिकवू? मी?" तरी शिकवलंच. काच आधी ओली हवी. ब्लेड आडवं, अगदी काचेला टेकून. गंजलेलं नको. आणि कोपऱ्यात नाही म्हणजे नाही! कोपऱ्यात रबरासारखी शिवण असते, तिच्यावर सगळी टाकी उभी. "ती कापलीत तर मासे जमिनीवर. कोपऱ्याला दातांचा जुना ब्रश."

विकत घ्यायला काहीच उरलं नाही. ब्लेड माझ्याकडे खोक्यानं. मग माशांचं खाणं घेतलं. घरी आधीच दोन डबे आहेत.

तिनं चहा दिला. पुदिना घालून. साखर इतकी की चमचा उभा राहावा. तिला म्हटलं, माझी सनाअ असाच करायची. ती म्हणाली, "मग तुमची बायको शहाणी होती." एवढंच. हळहळ नाही, सुस्कारा नाही. किती बरं वाटलं!

बुधवार, १६ ऑक्टोबर

जन्मभर गालांवर वस्तारा चालवला, आज काचेवर! पाणी अर्धं काढलं. ब्लेड आडवं टेकवलं, एक ओढ — आणि करकर करत हिरवी पट्टी सुटून आली. खाली लख्ख काच! दुसरी ओढ. तिसरी. हात थांबेना. गिऱ्हाइकं खुर्च्या वळवून बसली. मितवल्लीनं चहा मागवला सगळ्यांना. कोपरे ब्रशनं.

शेवटची पट्टी निघाली अन् पाशा काचेशी आला, तोंड उघडं, डोळे वटारलेले. दाढी झालेल्या गिऱ्हाइकाला म्हणतात तसं सगळे एकदम ओरडले — "नईमन, पाशा!" जणू दाढी त्याचीच झाली.

शुक्रवार, १८ ऑक्टोबर

लुलू किंचाळली — "पाशा!!" फोनवर पापे घेतले, आवाज इथपर्यंत.

मग रबाब. कागद झाले म्हणते. माझ्या राहण्याचे. नोव्हेंबरमध्ये येणार आणि मला घेऊनच जाणार. खोली तयार केलीय, पडदे तिनं स्वतः शिवलेत. निळे. "तुम्हाला निळा आवडतो ना, बाबा?"

आवडतो. म्हटलं, हो. पोर किती आनंदात होती.

सोमवार, २१ ऑक्टोबर

टाकी स्वच्छ. पलीकडे जायचं काहीच कारण नाही. गेलो.

म्हटलं, चुंबकाची घासणी द्या. एक तुकडा आत, एक बाहेर. बाहेरचा फिरवला की आतला फिरतो, हातही ओला होत नाही. मादाम इन्साफ म्हणाली, "हवीच आहे का? ब्लेडनं झालंय ना?" म्हटलं, रोज थोडं फिरवायला. ती म्हणाली, वाळूपासून लांब ठेवा, एक कण अडकला की काचेवर नक्षी. दिली. पण देताना हसू दाबत होती, मी बघितलं.

मग कुवेतचं सांगितलं. का सांगितलं? सांगून टाकलं.

ती एक टाकी पुसायला लागली. स्वच्छच होती ती टाकी. बराच वेळ पुसली. मग म्हणाली, "मुलगी बोलावते, नशीब लागतं." आणि — "पाशाचं काय?" म्हटलं, तुम्ही ठेवाल? म्हणाली, "ठेवीन. दुसरं काय करणार."

परतीच्या फेरीवर सीगल होते की नव्हते, आठवत नाही.

शनिवार, २६ ऑक्टोबर

रबाबनं तिकीट पाठवलं फोनवर. माझ्या नावाचं. एकीकडचंच.

दुपारभर टाकी घासली. स्वच्छ होती तरी. कोपऱ्यात एक हिरवी रेघ राहिली होती, ब्रशला दाद देईना, मला राग आला. ब्लेड लावलं. एकच ओढ. काही झालं नाही.

रविवार, २७ ऑक्टोबर

झालं!

सकाळी शटर वर केलं तर बुटांत पाणी. टाकी जवळजवळ रिकामी, कोपऱ्यातून धार, आणि पाशा तळाशी आडवा, उरलेल्या पाण्यात फडफडत. शांपूच्या बेसिनला बूच लावलं, टाकीतलंच पाणी ओतलं, तिघांना त्यात टाकलं. बाकीचे दोघं पोहायला लागले. पाशा नाही. मी फोन काढला, पण नंबर दाबताना दोनदा चुकलो.

मितवल्लीनं माझ्या हातातून फोन घेतला, माशांच्या खाण्याच्या पिशवीवरचा मादाम इन्साफचा नंबर बघितला आणि बोलला, "बाई, आमच्या न्हाव्यानं, उस्ता रिफअतनं, टाकी कापली. मासा जातोय. आणि उस्ताचंही काही खरं नाही."

ती आली! दुकान बंद करून, फेरीनं, हातात बादली, हवेचा पंप, सिलिकॉनची नळी. आत शिरताच मला म्हणाली, "बाजूला व्हा." पंप बेसिनमध्ये सोडला. पाशाला तळहातावर अलगद उभा धरला, बुडबुड्यांजवळ. खुर्चीतलं गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनं उठून बादली धरून उभं. मग पाशाचे कल्ले हलले. मग शेपूट. मग त्यानं असा काही फटका मारला की तिच्या चष्म्यावर पाणी!

अख्खं दुकान ओरडलं. मितवल्लीनं माझ्या डोक्याचा मुका घेतला.

मग तिनं मागे वळून बघितलं — रिकामी टाकी रस्त्याकडच्या खिडकीच्या काचेला लागून, ऊन थेट आत, आरशांवर, भिंतीवर, सगळीकडे. "हे ऊन तेवढं नाही?" म्हणाली. "अहो उस्ता, इथे टाकी ठेवल्यावर तुम्ही जगातली सगळी हत्यारं आणलीत तरी शेवाळ येणारच. ही टाकी आत सरकवली असती तर तुम्हाला माझ्या दुकानाची पायरी चढायलाच लागली नसती!"

मी म्हटलं, "मग बरं झालं नाही सरकवली."

तोंडातून निघून गेलं. मितवल्ली एकदम खिडकीबाहेर बघायला लागला. अर्धी दाढीवालासुद्धा.

ती लाल झाली. बादली उचलली. टाकीची शिवण नवी भरून दिली, वाळायला काही दिवस लागतील म्हणाली, आणि तिघा माशांना घेऊन फेरीनं परत गेली.

गुरुवार, ३१ ऑक्टोबर

रोज दुकान लवकर बंद करून फेरी. माशाला भेटायला! मितवल्ली म्हणतो, "माशालाच का?" म्हटलं, हो, माशालाच. म्हणाला, "माशाला सलाम सांग. आणि तू कोलन कमी लावत जा, वास कालव्यापलीकडे जातो."

सोमवार, ४ नोव्हेंबर

इन्साफ म्हणाली, "आज काय देऊ?"

"काही नको."

"मग?"

"मी कुवेतला जात नाही."

ती गिऱ्हाइकाला खाणं मोजून देत होती. हात थांबला. "हे सांगायला आलात? फोन होता की."

"फोनवर तुमचा चेहरा दिसत नाही."

गिऱ्हाईक म्हणालं, "बाई, मी पोपटाचं खाणं मागितलं होतं, हे माशांचं आहे."

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

रबाबला सांगितलं. आधी रागावली. मग रडली. "मी पडदे शिवले, बाबा." सगळं खरं ते सांगितलं — इन्साफचं. मग म्हणाली, "मी येतेय. त्या बाईला बघायला." लुलूनं मागून विचारलं, कोण बाई?

झोप नाही. पोरगी दुखावली. पण मन मागे फिरत नाही.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

रबाब आली. तडक पोर्ट फुआदला. मी म्हटलं मी येतो — "नाही. एकटी."

परत आली ती संध्याकाळी. तोंड पाडून. बसली, बूट काढले, आणि फसकन हसली! "बाबा, तिनं मला विचारलं — तुम्ही टाकी ठेवून गेलात, उन्हात ठेवू नका एवढं का नाही सांगितलंत? मी भांडायला गेले होते, उलट तिनंच मला फैलावर घेतलं!" मग माझ्याकडे बघत राहिली. "आई असती तर म्हणाली असती, रिफअतला असंच माणूस पाहिजे." डोळे पुसले. "निळे पडदे पार्सलनं पाठवते. तिच्या घराला लावा."

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मागणी घालायला निघालो, म्हणून मितवल्लीनं माझी दाढी केली. माझ्याच खुर्चीत, माझ्याच वस्तऱ्यानं. दोन ठिकाणी कापलं. एवढं हसलो, त्याची काय चूक.

सोमवार, २ डिसेंबर. पोर्ट फुआद

गुरुवारी निकाह झाला.

आज सकाळी लिहायला बसलो तर इन्साफ दारात. "रोज एवढं काय लिहिता? कुणाला सांगता?" म्हटलं, सनाअ गेल्यापासूनची सवय. दिवसभरातलं कुणाला तरी सांगायला लागतं ना.

तिनं खुर्ची ओढली, समोर बसली, चष्मा काढून ठेवला.

"हं. सांगा."