अकरा भांडी आली, तरी मी जिवंत

मिनेसोटा, जानेवारीचा दुसरा आठवडा

प्रिय हार्लन,

थोरल्या भावाचे आशीर्वाद. तब्येत कशी आहे असं विचारत नाही, कारण तू "ठीक" म्हणशील आणि मी ते मानणार नाही. माझी मात्र ऐट विचारू नकोस! आपल्या घराण्यात आजवर कुणी कबूल केलं नाही ते मी केलं. मला डिप्रेशन झालं, आणि तेही डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलेलं, अस्सल! (बाबांनाही असणार, पण ते गोठ्यात जाऊन बसायचे आणि गाईंनी कधी निदान केलं नाही.)

सप्टेंबरपासून मी नुसता खुर्चीत. घडलं काहीच नव्हतं रे! झोप धड नाही, घास उतरत नाही. शेवटी तुझ्या वहिनीने, आर्डिसने, चर्चच्या बायकांना गळ घातली, "माझ्या हातचं खात नाही, तुमचं तरी खाईल." आता आपल्या गावात शिजवलेलं भांडं दुसऱ्याच्या दारात जातं ते कुणी गेल्यावरच. दुपारपर्यंत अकरा काचेची भांडी हजर, खिमा-बटाटा, वर चीज, तळाला मालकिणीच्या नावाची चिकटपट्टी. मागोमाग पास्टर, काळा कोट चढवून, अंत्यविधी कधी ते विचारायला. दार मीच उघडलं.

बाबा गेले तेव्हा मी ढसाढसा रडलो, पण त्याच दुपारी चारदा वाढून घेतलं आणि तुझ्या टायवर हसलोही. दुःख असंच असतं, येतं, जातं, मधूनमधून जेवू देतं. पण या वेळी पास्टर आ वासून उभा, मागे अकरा भांडी, आणि मला हसूच येईना. तेव्हा मात्र मी घाबरलो. दुसऱ्याच दिवशी दवाखाना गाठला. बाई म्हणाल्या, "हा स्वभावाचा दोष नाही, आजार आहे. औषध देते, आणि बोलावं लागेल." बोलावं लागेल म्हटल्यावर मी उठलोच होतो (आर्डिसने कोटाची बाही धरली).

दहा आठवडे झाले. गेल्या मंगळवारी पास्टरचं तोंड आठवून मी एकटाच खो खो हसत सुटलो. आर्डिस धावत आली आणि रडायलाच लागली, वेडी! हल्ली चर्चनंतर कॉफी पिताना लोक मला बाजूला घेऊन हळूच चौकशी करतात. मी मोठ्याने सांगतो.

तुझा,
ऑर्विल

ता. क. तळं गोठून महिना झाला तरी बर्फावर नेऊन ठेवायची तुझी मासेमारीची खोपटी अजून अंगणातच आहे, असं तुझ्या मार्लिसने कळवलंय. गुडघ्याची सबब मला सांगू नकोस. गुरुवारी माझ्या डॉक्टरीणबाईंकडे दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. गाडी मी चालवीन. वाटेत बोलायची सक्ती नाही.

पुन्हा ता. क. आर्डिसने तुझ्यासाठीही एक भांडं भरलंय. कुणी गेलेलं नाही. कुणी जाऊ नये, म्हणून आणतोय.