मामाजी म्हणाले, नो थँक्यू

४ नोव्हेंबर, मंगळवार

पुस्तक आणलं! सौंसरच्या बसस्टँडवरून. तीस दिवसांत इंग्रजी बोला म्हणे. माझ्याकडे तेराच आहेत. सतरा तारखेला बोरगावच्या एका कंपनीत मुलाखत — दारासमोरच्या टेबलावर बसायचं, आल्यागेल्याशी बोलायचं. शेजारची डिंपल तिथेच पॅकिंगला आहे, तिनेच सांगितलं. "भाभी, थोडंसं इंग्लिस येत असन त घेऊन घेतीन तुले."

आमचे हे नागपूरला गाडी चालवतात, रविवारी घरी येतात. फोनवर म्हणाले, "मले काही नाही. बाबाले विचारून घे."

विचारून घे! लग्नाला नऊ वर्षं झाली, मामाजींशी एक शब्द बोललेले नाही. आमच्यात सून सासऱ्याशी बोलत नाही. सासूबाई होत्या तोवर निरोप त्यांच्यामार्फत जायचे. त्या गेल्यापासून आम्ही दोघंही मांजरीशी बोलतो.

५ नोव्हेंबर

मामाजी मांजरीला — "भाजीत मीठ नाही म्हनाव."
मी मांजरीला — "डबा बाजूलेच आहे म्हनाव."
मांजर कंटाळली आहे.

६ नोव्हेंबर

धडा दुसरा. मोठ्याने वाचा, असं पुस्तकातच लिहिलंय. पोळ्या लाटता लाटता वाचलं — माय हजबंड्स नेम इज हेमराज. आणि जीभच चावली! नवऱ्याचं नाव, तेही ओसरीत सासरा बसलेला असताना. आभाळ काही कोसळलं नाही. इंग्रजीत चालतं वाटतं.

हेमराज हेमराज हेमराज. घ्या!

८ नोव्हेंबर, शनिवार

भिंतीकडे बघून सराव चालला होता. वुड यू लाइक सम टी?

ओसरीतून आवाज आला — "नो, थँक्यू."

हातातलं लाटणं पडलं. मांजरसुद्धा उठून बसली.

९ नोव्हेंबर

पुस्तकाच्या सोळाव्या पानात मामाजी चघळतात त्या खर्र्याची सुपारी सापडली. मी तर अजून अकराव्यावर! मी कापूस वेचायला जाते आणि म्हातारा इकडे माझ्या पुढे निघून जातो. चीड आली. खरं सांगायचं तर हसूही आलं.

हे आले होते. "विचारलं का बाबाले?"
"तुम्हीच विचारा ना."
"तुही नोकरी, तू विचार." आणि जेवून झोपले.

११ नोव्हेंबर

घरात आता इंग्रजांचं राज्य आहे. "सॉल्ट लेस." "सॉरी." "व्हेअर इज माय टॉवेल?" "ऑन द रोप." डोक्यावर पदर, तोंडात इंग्रजी. मराठीत बोललं की ते बोलणं होतं, इंग्रजीत बोललं की तो नुसता धडा. असं आम्ही दोघांनी न बोलताच ठरवून टाकलंय.

नळावर लीलाबाई म्हणाल्या, "काय व अमिता, तुहा सासरा भिवाजी येडा झाला का? बैलाले गुड मॉर्निंग म्हनून राहिला!"
मी विचारलं, "मंग बैल काय म्हने?"

१३ नोव्हेंबर, गुरुवार

विचारलं! पान बावीस, परवानगी मागणे. दिवसभर घोकलं आणि जेवायला वाढताना म्हणून टाकलं — मे आय गो टू वर्क इन बोरगाव?

मामाजींचा घास हातातच राहिला. "आय विल थिंक," म्हणाले. हात धुतले आणि संत्र्याच्या वाडीत निघून गेले.

१५ नोव्हेंबर

दोन दिवस झाले. इंग्रजी बंद. मांजर पुन्हा कामावर.

भीती वाटते. ते टेबल मला हवंच आहे. कापसात वाकून वाकून कंबर गेली, पण तेवढ्यासाठी नाही. कुणीतरी समोर येऊन मला काही विचारेल आणि मी त्याला उत्तर देईन. एवढंच हवंय.

१६ नोव्हेंबर, रविवार

यांना म्हटलं, निदान आज तरी विचारा. "बाबाचं डोस्कं फिरन." शूर माणूस!

उद्या साडेआठच्या गाडीत मी बसणार. हो म्हणोत की नाही म्हणोत.

१७ नोव्हेंबर, सकाळी

चपला घालत होते. ओसरीतून आवाज — "गो. बेस्ट ऑफ लक."

हे कोणत्या पानावर आहे? मी तिथवर पोचलेच नाही!

१७ नोव्हेंबर, परतीच्या बसमध्ये

अख्खी मुलाखत हिंदीत! कहाँ से आती हो, बस कितने बजे की है, घर में कौन-कौन है. इंग्रजीचा एक शब्द नाही. तेरा दिवस भिंतीशी भांडले ते फुकट!

पण घेतलं मला. एक तारखेपासून.

१७ नोव्हेंबर, घरी

आमच्या गावी, मोहगावला उतरले तर मामाजी स्टँडवर उभे. कधीचे उभे होते कोण जाणे. मी पदर सावरला, मनात वाक्य जुळवलं, म्हटलं — "आय गॉट..."

"मराठीत सांग, पोरी," ते म्हणाले. "मले नीट ऐकाचं आहे."

नऊ वर्षांत पहिल्यांदा. मी तोंड उघडलं आणि मराठीत मला एक शब्द बोलता येईना.