मधली फट

१२ फेब्रुवारी
अमरावतीच्या डॉक्टरांनी कागदावर दोन रेघा काढल्या. वरची नस, खालचा स्नायू. मध्ये कोरी जागा. "आबेदाबाई, हे एकमेकांले शिवतच नाही. नस रस सोडते, तो पलीकडं जाते, तवा कुठं पापणी उचलते. तुमचं शरीर पलीकडचे दरवाजेच अडवून राहिलं." गोळीनं तो रस जास्त वेळ टिकतो. दर चार तासांनी. चुकवायची नाही.

अकोल्याच्या बसमध्ये मूर्तिजापूरपर्यंत तेच डोक्यात. माझ्या आत सगळीकडे फटी आहेत, आणि थेंब थेंब काहीतरी ओलांडतंय. भीती वाटायला हवी होती. छानच वाटत राहिलं.

१५ फेब्रुवारी
शेरवान्यांची काजं हातानंच करते मी. ईदेआधी ढीग असतो. दुपारी एका सुईच्या दोन होतात. खरीत दोरा ओवायला जावं, तर तीच खोटी! गोळी घेतली. हळूहळू दोन्ही सुया एकमेकींत शिरल्या. बघत बसले.

१९ फेब्रुवारी
पहिला रोजा. दिवसाच्या गोळ्या सोडल्या. पापणीपायी काय रोजे सोडायचे? अम्मींना, म्हणजे सासूबाईंना, कळलं तर अडवतील, म्हणून गप्प. त्यांनी आज माझ्या खोलीला पडदा लावला. उन्हासाठी असेल.

२३ फेब्रुवारी
दुपारी सगळं मऊ मऊ. बोटाला म्हणते, हल. निरोप निघतो, फटीच्या काठाशी येऊन उभा राहतो. पाण्यात तरंगल्यासारखं वाटतं. बाहेर अम्मी गल्लीतल्या महेजबीन खालांसाठी डबा भरतायत. रोजे लागल्यापासून रोजच पाठवतात.

२६ फेब्रुवारी
हसायला गेले, ओठ उचललेच नाहीत. रऊफ म्हणाले, "काहून रुसली?" नवऱ्याला काय सांगू, हसतच होते मी!

१ मार्च
इफ्तारीला शरबत नाकातून परत आलं. श्वास पुरत नाही. लिहवत

९ मार्च
अमरावती, दवाखाना. घशातली नळी परवा काढली. डॉक्टर रागावले नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली.

१० मार्च
अम्मी बराच वेळ माझी बोटं चोळत बसल्या. मग म्हणाल्या, "मले वाटे, तू पडद्यामागं जेवून, गोळी घेऊन राहिली. म्हणून तर लावला. ज्याले रोजा झेपत नाही, त्याच्या बदली रोज एका गरिबाचं पोट भरा लागते. खालाचा डबा तुह्या रोज्याचाच होता, पहिल्या दिवसापासून. तू लाजशील म्हणून बोलली नाही."

मीही बोलले नव्हते. दुपारची गोळी त्यांनीच हातावर ठेवली.